कमी पाण्याची फुलझाडं आणि माळव्याची काळी माती

इंदुरात 'याला पाणी फारसं लागत नाही' म्हणून आणलेली रोपं बहुतेक वेळा मे महिन्यात मरत नाहीत, श्रावणात मरतात. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पानं तेव्हाही माना टाकतात. तहान लागली असं समजून आपण वर आणखी एक बादली ओततो!

म्हणून रोप आणण्याआधी जागा तपासा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं, तर खड्ड्यात लावूच नका. फूटभर उंच आणि तीन फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. त्यासाठी मिश्रण: दोन घमेली काळी माती, एक घमेलं मुरूम, एक घमेलं जुनं शेणखत. नुसती बारीक वाळू थोडी मिसळली, तर वाळल्यावर माती विटेसारखी होते.

रंगासाठी पहिली पसंती बोगनवेलीला. रंगीत दिसतात ती तिची पानंच. खरं फूल मधलं इवलंसं पांढरं. रोज पाणी आणि भरपूर युरिया दिला की नुसता हिरवा पसारा वाढतो. दिवाळीनंतर पाणी तोडा, पानं किंचित लोंबली की मगच भरपूर द्या, रंग धरतो. लावताना पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. तिची मुळं नाजूक, तिथेच निम्मी रोपं जातात.

शंकासुर आणि कण्हेर कुंपणाला उत्तम. पण कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. छाटलेल्या फांद्या जाळू नका, गुरांपुढे टाकू नका, हात धुवा. कुंडीत सदाफुली आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका); ऑफिस टाइमला निदान सहा तास ऊन हवं, नाहीतर कळ्या उघडत नाहीत. अबोली हवीच असेल, तर ती मोरीच्या बाजूला लावा. तिला जास्त पाणी लागतं, या मंडळींत ती नको.

अडेनियमचं फुगलेलं खोड पावसाळ्यात दर आठवड्याला अंगठ्याने दाबून पाहा. टणक असेल तर ठीक. मऊ लागलं तर लगेच उपटा, कुजका भाग पांढरा गर दिसेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावून आठवडाभर सावलीत सुकवा, मग कोरड्या मुरूमात लावा. कुंडी छपराखाली असेल तर ही वेळच येत नाही.

लागवड जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एक बादली, सावकाश. दुसऱ्या उन्हाळ्यापासून जमिनीतल्या बोगनवेल-कण्हेरीला दहा-बारा दिवसांनी दोन बादल्या. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, मुळं तुटतात, ओल उडून जाते. त्यावर सोयाबीनच्या भुशाचा दोन-तीन इंचांचा थर द्या, फक्त खोडापासून चार बोटं दूर. चिकटला तर वाळवी येते.

आरओचं सोडलेलं पाणी कुंडीला नको, क्षार साठतात. जमिनीतल्या कण्हेरीला चालतं. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढवून आपल्याकडे येतं. नळी लावून ते अंगणात सोडून देणं मनाला पटत नाही.