एक चमचा पाणी आणि स्वस्तातली बर्बन

इव्हान विल्यम्स या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, पांढऱ्या लेबलवाली बाटली महिनाभर माझ्याकडे आहे, आता ती अर्ध्याच्याही खाली आलीय, म्हणजे तिच्यावर लिहायला हरकत नाही. बाटली उघडली त्याच दिवशी मत बनवायचं नाही असं मी ठरवूनच टाकलंय, कारण नवीन बाटलीतले पहिले एक-दोन पेग मला नेहमी जरा जास्तच झोंबतात आणि दोन-तीन आठवडे आत हवा खेळली की तीच दारू बरीच शांत लागते. महाग बाटलीला आपण आपोआप दुसरी संधी देतो, पैसे गेलेले असतात ना. स्वस्त बाटली मात्र पहिल्या घोटालाच नापास होते, हे मला पटत नाही.

ही बाटली अमेरिकेत साधारण वीस डॉलरच्या आत-बाहेर मिळते. एवढ्या पैशात काय मिळणार असं वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या, बर्बनचा कायदा किंमत बघत नाही. निदान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप, पिंपात भरताना १२५ प्रूफच्या (प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट) वर नाही, वरून रंग नाही की फ्लेवर नाही. दोनशे डॉलरच्या बाटलीलाही हेच नियम. त्यामुळे ग्लासातला तो तांबूस रंग खरा लाकडाचाच असतो, आणि नवं पिंप प्रत्येक वेळी घ्यावंच लागतं, त्यात काटकसर करता येत नाही. पैसे वाचतात ते मुख्यतः वयात आणि मोठ्या प्रमाणावर बनवण्यात.

आणि पांढऱ्या लेबलवर त्याहून कडक तीन शब्द आहेत, बॉटल्ड-इन-बाँड. हा १८९७ चा कायदा. त्या काळात कच्च्या स्पिरिटमध्ये रंग आणि काहीबाही घालून व्हिस्की म्हणून सर्रास खपवायचे, म्हणून सरकारने सांगितलं की एकाच डिस्टिलरीतली, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ठेवलेली आणि बरोबर १०० प्रूफला भरलेली असेल तरच हे नाव लावा. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के अल्कोहोल. लेबलवर डिस्टिलरीचा नंबरही द्यावा लागतो, माझ्या बाटलीवर डीएसपी-केवाय-१ आहे, म्हणजे केंटकीतल्या लुईव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी. ही दारू बनवणाऱ्या हेवन हिल कंपनीची बार्डस्टाउनची जुनी डिस्टिलरी १९९६ च्या आगीत गेली, मग १९९९ मध्ये त्यांनी ही घेतली. मला असले नंबर वाचायला मनापासून आवडतं, दारू नेमकी कुठल्या भट्टीतून आली ते कळतं.

तर मूळ मुद्दा. याच ब्रँडची काळ्या लेबलची बाटली ४३ टक्क्यांची आहे, अजून थोडी स्वस्त. लोक म्हणतात पांढरी चांगली लागते कारण ती कडक आहे, बाकी काही नाही. मला हे तपासून बघायचं होतं. हिशोब सोपा आहे, ३० मिली पांढरीत ५ मिली पाणी म्हणजे एक चहाचा चमचा घातला की ती जवळपास ४३ वर येते. मग तीन ग्लास: काळी जशीच्या तशी, पांढरी जशीच्या तशी आणि पांढरी चमचाभर पाणी घालून. बायकोने ग्लासांच्या बुडाला खुणा करून क्रम बदलून आणून दिले, आणि असं चार वेगवेगळ्या संध्याकाळी केलं, कारण एका दिवसाच्या जिभेवर माझा विश्वास नाही, जेवण, सर्दी, झोप, सगळ्याचा फरक पडतो.

वास घेताना नाक ग्लासात खुपसायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवून ग्लासाच्या काठावरून हळू घ्यायचा, नाहीतर नुसतं अल्कोहोल चढतं आणि पुढची पाच मिनिटं नाक बाद. पहिला घोट फक्त तोंड तयार करायला, त्याला मार्क नाहीत. दुसरा घोट जिभेवर फिरवायचा, गिळायचा आणि मग गप्प बसून मनात वीसपर्यंत मोजायचं.

पाणी न घातलेली पांढरी चारही वेळा ओळखता आली, त्यात विशेष काही नाही, झोंबतेच ती. भाजलेले शेंगदाणे, किंचित करपायला आलेला साखरेचा पाक, मागून दालचिनी. खरी लढत काळी आणि पाणी घातलेली पांढरी यांची. दोन्ही तेवढ्याच कडक, मक्याचा तो गोडवा दोन्हीत सारखा, आणि एका संध्याकाळी मी चक्क उलटं सांगितलं. पण तीन वेळा बरोबर ओळखलं ते एकाच खुणेवरून. काळी जिभेच्या मधोमध येऊन पातळ होते, व्हॅनिला आणि गोडवा पुढेच संपतो, छान लागते पण लगेच निघून जाते. पांढरी पाणी घालूनही तोंडात भरलेली राहते, जरा तेलकट म्हणता येईल अशी, आणि लाकडाची चव शेवटपर्यंत टिकते. पाण्याने वासही उघडला, संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी वर आलं जे नुसत्या पांढरीत मला एकदाही सापडलं नव्हतं. चारच संध्याकाळी झाल्या हे मान्य, पण माझं मत झालंय की फरक फक्त कडकपणाचा नाही, तोंडात टिकण्याचाही आहे, आणि थोडे जास्त पैसे त्याचेच द्यायचे.

उणं काय, तर शेवट. बारा-तेरापर्यंत मोजलं की चव उतरते आणि मागे लाकडाचा थोडा कडवटपणा राहतो, नुसती प्यायल्यावर तो जास्त कळतो. वय वाढलेल्या बर्बनमध्ये तिथेच कातडं, तंबाखू, सुका मेवा असं एकेक उलगडत जातं, ते इथे नाही आणि या किमतीत मी ते मागणारही नाही. मोठा बर्फाचा खडा टाकला तर कडवटपणा दबतो, पण शेंगदाणेही दबतात. माझ्यासाठी एक चमचा पाणी हीच जागा बरोबर आहे, आणि ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करायचं असेल तर अजिबात पाणी नको, त्यातली साखर आणि बिटर्स, म्हणजे मसाल्यांचा कडवट अर्क, यांच्यापुढे उभं राहायला ते ५० टक्के लागतात.

काळी संपल्यावर पुन्हा आणणार नाही, पांढरी आणणार.

एक राहिलंच. रात्रीचे ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी त्या सुकलेल्या ग्लासांचा वास घ्या, अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि पिंपाने जे दिलं तेवढंच मागे उरतं. काळीच्या ग्लासात फिकट गोड वास होता. पांढरीच्या दोन्ही ग्लासांत ओलं लाकूड आणि व्हॅनिला दुपारपर्यंत होतं.