दात साफ केल्याने दात ढिले होत नाहीत हो!

हे एकदा नीट लिहायचंच होतं, कारण आमच्या नात्यात अर्ध्या लोकांना अजूनही वाटतं की डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. आईची ट्रीटमेंट ठरली तेव्हा मावशीचा पहिला फोन हाच, "ताई, साफबिफ करून घेऊ नको गं, होते नव्हते ते दात पण जातील."

होतं काय, तर दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही की त्याचं कडक कीटण बनतं, ते ब्रशने जात नाही. त्याच्यावर जंतू बसतात, हिरडी सुजते, रक्त येतं. इथपर्यंत सगळं भरून येतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हेराल्ड लो नावाच्या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणजे रक्त येतंय म्हणून तिथे ब्रश फिरवायचा नाही हे अगदी उलटं आहे, मऊ ब्रशने तिथेच हळू घासायचं.

पण दुर्लक्ष झालं की आतलं हाड झिजतं, आणि ते बहुतेक वेळा परत येत नाही. दात खरा हलतो तो यामुळे. कीटणाने दात एकमेकांना चिकटलेले असतात म्हणून घट्ट वाटतात, ते काढलं की फटी उघड्या पडतात, जीभ सारखी तिथेच जाते, गार पाणी झिणझिणतं, आणि मग नाव क्लीनिंगचं.

आईच्या दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली डॉक्टरांनी बारीक खुणांच्या सळईने मोजली. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, तिच्या मागच्या दाढांना ६ पर्यंत खोल खळगे होते. वर्षानुवर्षं मशेरी आणि त्यात शुगर!! शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतलं इन्फेक्शन शुगर खाली येऊ देत नाही, हे दोन्हीकडून चालतं, म्हणून आधी तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर टेस्ट करायला लावली. मग भूल देऊन डीप क्लीनिंग, हिरडीच्या आत मुळापर्यंत, एका वेळी एकच बाजू. दुखलं नाही, नंतर दोन दिवस ठणका होता, तिने भात-वरणावर काढले. काही आठवड्यांनी परत मोजलं तर बरेचसे खळगे ४ च्या आत, एका दाढेला मात्र फ्लॅप करावा लागला, म्हणजे हिरडी उघडून साफ करून टाके.

मशेरी सुटणं सगळ्यात अवघड गेलं. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं तिचं म्हणणं, आणि मी त्यावर वाद घातला नाही, कोमट पाणी आणि चालणं सुरू केलं. आणि घरात कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, धुराने हिरडीतलं रक्त कमी दिसतं, आतून हाड जातच असतं.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि रात्री दातांमधल्या फटींसाठी छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश, मेडिकलमध्ये मिळतो, साइज डॉक्टरांकडूनच बघून घ्या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश मात्र सांगितले तेवढेच दिवस वापरा, जास्त वापरलं की दात तपकिरी पडतात आणि जेवणाची चव पण जाते.