तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर मारताना काही वाटत नाही का?

एमफार्म केलंय आणि तेही फार्मकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरावर काय परिणाम करतात त्या विषयात, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा कोणीतरी विचारतंच, "काय गं, उंदीर मारताना काही वाटत नाही का?"

वाटतं ना. पण कुठल्या उंदरांचं ते सांगते.

माझा थिसिस निर्गुडीवर होता, पाल्याने सूज उतरते का बघायचं. आमच्या आजीला ते माहीत होतं, माझ्याआधी कितीतरी जणांनी पेपरही लिहून ठेवलेत. तरी ३० विस्टार रॅट, म्हणजे लॅबमधले पांढरे उंदीर घेतले, ५ ग्रुप, प्रत्येकात ६. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फॉर्मात रकाना असतो, इतकेच प्राणी का लागतात म्हणून, तिथे मी सीनियरच्या थिसिसमधलं वाक्य उचलून टाकलं आणि झालं की पास! पंजात कॅरेजिननचं, म्हणजे सूज आणणाऱ्या पदार्थाचं, इंजेक्शन द्यायचं, मग तासातासाला सूज मोजायची. ओळखायला पिक्रिक ॲसिडचा पिवळा रंग, एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीला. तो पिवळ्या डोक्याचा सुजलेला पाय उचलून धरत लंगडत लंगडत पाण्याच्या बाटलीपर्यंत जायचा. शेवटी सगळ्यांना कार्बन डायऑक्साइड. रिझल्ट काय, तर निर्गुडीने सूज उतरते.

आणि मामाला देवगडला काजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना फुरसं चावलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा अँटिव्हेनमच्या १० कुप्या लागल्या. घोड्याला थोडं थोडं विष टोचत नेतात, मग त्याच्या रक्तातून ते औषध काढतात, आणि एक मिलीने फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी होतंय ना हे उंदरांवर तपासतात. त्या उंदरांना माझा होकार आहे. मामा समोर बसून आमरस ओरपतो म्हणून हे म्हणणं सोपं जातं, तेही कबूल.

प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यातच लिहिलंय की कॉलेजात पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांवर भागत असेल तर शक्यतो प्रयोग टाळा. थिसिसला मात्र पुस्तकावर भागत नाही, डेटा 'स्वतःचा' लागतो.

मावसबहीण यंदा एमफार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा मेसेज, "ताई, त्या 'सहाच प्राणी का'च्या रकान्यात तू काय लिहिलेलंस गं? पाठव ना." फाइल लॅपटॉपवर आहे. अजून पाठवलेली नाही.