जामीनदाराची वारी

शुक्रवार, 29 नोव्हेंबर 2024. पहाटे साडेतीनला सावंतवाडीच्या मिळाग्रीस चर्चसमोर आम्ही एकवीस जण जमलो. जुन्या गोव्याला चालत जायचं, साठ-पासष्ट किलोमीटर, दोन दिवसांत. माझ्या बॅगेत दोन जोडी मोजे, व्हिक्स, रोजरी म्हणजे जपमाळ, शेंगदाण्याचे चार लाडू आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेली पतसंस्थेची वसुलीची नोटीस. ही कशाला घेतलीस असं लेकीनं विचारलं, तेव्हा मला धड सांगता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला असतो, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोवेना, म्हणजे प्रार्थना. सिंधुदुर्गातून, बेळगाव-खानापुराकडून, कारवारकडून लोक चालत येतात, कोण नवस फेडायला, कोण नुसतं सायबाला भेटायला. आम्ही त्याला 'गोंयचो सायब' म्हणतो. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो वारला, शरीर मात्र गोव्यात आहे आणि दर दहा वर्षांनी ते लोकांच्या दर्शनाला खाली आणतात. 2024 चं शवदर्शन 21 नोव्हेंबरला सुरू झालं होतं, 5 जानेवारीपर्यंत होतं. त्याच्या आधीचं 2014 चं. तेव्हाही मी चालत गेले होते, आणि शेजारी ती होती.

ती म्हणजे माझी मैत्रीण. शाळेपासूनची. नाव लिहीत नाही. 2014 ला आम्ही दोघी पूर्ण रस्ता एकमेकींची बॅग आलटून पालटून घेत चाललो होतो, माझ्या पायाला गोळे आले तर तिने इन्सुलीच्या घाटात बसून चोळले होते. दोन वर्षांनी तिला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज हवं होतं, घराच्या छपरासाठी आणि नवऱ्याच्या रिक्षासाठी, आणि जामीनदार दोन लागत होते. ह्यांनी मला सांगितलं होतं, सही करू नको. मी ह्यांना न सांगता केली. मी एका शाळेत क्लार्क, पगारपत्रक माझं होतं, दुसरा जामीनदार तिचा लांबचा काका, त्याच्याकडे पगार नाही काही नाही. 2018 ला हप्ते थकले आणि ती कुवेतला गेली. फोन बंद. मग नोटीस आली आणि दर महिन्याला माझ्या पगारातून साडेसहा हजार कापायला लागले, चार वर्षं, एकूण 3 लाख 12 हजार. लेकीला बेळगावला नर्सिंगला घालायचं ठरलेलं, ते त्या वर्षी झालं नाही. तिचं एक वर्ष घरात बसून गेलं.

हे सगळं मी शेकडो वेळा सांगितलंय. लग्नात, बारशाला, चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर आवारात. इतक्या वेळा सांगितलं की त्याची वाक्यंपण ठरून गेली होती. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं.

इन्सुलीचा घाट उतरून बांद्याला उजाडलं. पुलाखाली तेरेखोल नदीवर धुकं होतं आणि कोणीतरी तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, सुरू केला. आमच्या ग्रुपमध्ये अर्धे कोकणीत म्हणणारे, अर्धे मराठीत, त्यामुळे 'आमच्या बापा'ची प्रार्थना दोन्ही भाषांत पुढेमागे चालते, एक संपते तर दुसरी अर्ध्यात असते. कोकणीत क्षमा करणे याला 'भोगसणें' म्हणतात, आमचीं पातकां भोगोस. लहानपणापासून म्हणतेय, पण त्या दिवशी माझ्या मराठी कानाला त्यात 'भोगणे' ऐकू आलं. शब्दाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, मला एवढंच समजलं की कोणीतरी भोगल्याशिवाय कर्ज मिटत नाही. पतसंस्थेचं रजिस्टर आपोआप शून्य होत नाही, कोणाच्या तरी पगारातून जातंच. आणि मराठी बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना आहे तिथे तर सरळ 'ऋण' हाच शब्द आहे, आम्ही जसं आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तसं तू आमचं सोड. मी ती ओळ घाईघाईने म्हणायचे. खरं सांगते, कितीतरी वर्षं त्या ओळीला माझे ओठ हलायचे पण आवाज यायचा नाही.

पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली. तिथे एका टेम्पोवाल्यानं आम्हाला थांबवून पाणी आणि केळी दिली, गळ्यात माळ, कपाळाला टिळा, तो म्हणाला, सायबाक माझोय नमस्कार सांगात. अशी माणसं रस्ताभर भेटतात.

आमच्यात एक सिस्टर होत्या, साठीच्या पुढच्या, पण चालायला आमच्याहून फास्ट. धारगळच्या चढावर त्यांनी सिस्टर राणी मारियाची गोष्ट सांगितली. केरळच्या, मध्य प्रदेशात गरीब आदिवासींमध्ये सावकारीविरुद्ध काम करायच्या, 25 फेब्रुवारी 1995 ला चालत्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसानं त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल पुढे तुरुंगात गेली आणि त्या माणसाला राखी बांधली. तो सुटून आला तर त्यांच्या केरळच्या घरी जाऊन आईला भेटला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा तो तिथे हजर होता. सगळे गप्प झाले. मला मात्र राग आला. मी म्हटलं, सिस्टर, ती संत माणसं, आम्हाला घर चालवायचं असतं. सिस्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सेल्मी काय एका दिवसात राखी घेऊन गेली असेल का? सात वर्षं लागली तिला. तुझी किती झाली?

सहा, मी म्हटलं.

पहिली रात्र कोलवाळच्या अलीकडे एका घराच्या पडवीत काढली. घरवाल्या माईनं पेज, चवळीची भाजी आणि सुकं खारं दिलं, वीस जणांच्या रांगेत वाढत फिरली. रात्री माझ्या डाव्या टाचेला मोठा फोड आला होता. लेकीनं सुई मेणबत्तीवर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी हळूहळू निघून जातं आणि कातडी फाटत नाही. मी तिचं डोकं बघत होते, खाली वाकलेलं. मी म्हटलं, तुझं ते वर्ष गेलं ना माझ्यामुळे. हे मी तिला कधी बोलले नव्हते. मैत्रिणीमुळे गेलं असंच नेहमी म्हणायचे. तिने वर न बघता सांगितलं, मम्मी, ते मी कधीच सोडून दिलंय, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

झोप आली नाही. म्हणजे क्षमा मला कधीपासून मिळालेली होती, माझ्याच घरात, एका खोलीत, आणि मी ती घेतलीच नव्हती. स्वतःला दोष देत बसणं मला प्रायश्चित्त वाटायचं. पण त्यात मी देवाचं ऐकत नव्हते, लेकीचंही नाही, फक्त स्वतःचंच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला परत मिळाग्रीस चर्च. आमच्या गावातली सायबीण, म्हणजे मारियामाता, तीच इथलीही, आणि तिच्या फेस्ताला हिंदू लोक तेल घेऊन येतात. तिथे पाच मिनिटं बसलो. मग पर्वरी. पर्वरीच्या रस्त्याचं काम चालू होतं, धूळ, ऊन, ट्रक, इथे कोणी प्रार्थना म्हणत नव्हतं, नुसतं पाय उचलत होतो. त्याच उन्हात मी हिशोब करत होते. येशूच्या त्या दाखल्यात राजा चाकराचं अवाढव्य कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. प्रवचनात नेहमी सांगतात की शंभर दिनार म्हणजे किरकोळ. पण दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे बायबलमध्येच द्राक्षमळ्याच्या गोष्टीत आहे. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. माझ्या तेव्हाच्या पगाराच्या हिशोबानं नव्वदेक हजार. हे किरकोळ नाही हो. येशूनं रक्कम मुद्दाम खरी धरली असं मला वाटतं, दुखावलेल्याला तुझं काहीच गेलं नाही असं त्यानं म्हटलेलं नाही. मला या गोष्टीने फार बरं वाटलं. माझे गेलेले पैसे खरे होते, हे कोणीतरी कबूल केल्यासारखं.

आणि इब्री लोकांच्या पत्रात येशूला चक्क 'जामीन' म्हटलेलं आहे. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, पण पतसंस्थेच्या जामीनदाराशी कधी जोडलं नव्हतं.

पणजीहून रायबंदरला जाताना मांडवीच्या काठानं तो जुना पोर्तुगीज बांध लागतो, 1634 च्या सुमाराचा, जवळजवळ तीन किलोमीटर सरळ. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. संध्याकाळचा वारा होता. 2014 ला आम्ही दोघी इथून गाणी म्हणत गेलो होतो. मी पहिल्यांदाच तिच्या बाजूने विचार केला, की ती ज्या दिवशी कुवेतच्या विमानात बसली त्या दिवशी तिच्या पोटात काय झालं असेल. तिचं चुकलं ते चुकलंच. मी परत कोणाला जामीन राहणार नाही, तिला तर नाहीच, आणि त्यात पाप आहे असं मला वाटत नाही. पण तिचं वाईट व्हावं असं जे मी रोज झोपताना मागायचे, ते त्या बांधावर मागायचं थांबलं. कसं ते मला नीट सांगता येत नाही. ओझं उतरलं वगैरे काही झालं नाही, पाय तर जास्तच दुखत होते.

जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रांग सी कॅथेड्रलच्या बाहेर लांबवर. हे गाव माझ्यासाठी सोपं नाही, हेही लिहिते. इथेच 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडून, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, त्यात आमच्याच लोकांचे हाल झाले, आणि सायबानंच राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं. 12 मार्च 2000 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांसाठी जाहीर क्षमा मागितली. मला ते आवडतं. जी चर्च मला कुमसाराला, म्हणजे पापांच्या कबुलीला, बोलावते तिने स्वतःही गुडघे टेकले.

कुमसाराला एक म्हातारे फादर झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी गुडघे टेकले आणि सुरू झाले. कर्ज, सही, कुवेत, साडेसहा हजार. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, बाई, हा तिचा कुमसार झाला. आता तुमचा सांगा.

मग ते बाहेर आलं जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. 2019 चा जून, रविवारची मिस्सा संपली होती. तिची आई, आम्ही सगळे माय म्हणायचो तिला, वाकत वाकत माझ्याकडे आली. हातात कापडी पिशवी, त्यात सोलं, म्हणजे सुकवलेली कोकमं. ती दरवर्षी मला द्यायची, घरच्या रातांब्याची. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुझ्या लेकीनं आमच्या तोंडचा घास काढला, सोलं कसली देतेस, आणि पिशवी ढकलली. पिशवी पडली. सोलं आवारातल्या लाल मातीत पसरली आणि माय खाली बसून एकेक वेचायला लागली. कोणीतरी मदतीला वाकलं, मी नाही. मी निघून आले. 2021 मध्ये माय गेली, मी मातीला गेले नाही.

फादर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तिच्या घरी आता कोण असतं? मी म्हटलं, मुलगा-सून. ते म्हणाले, नोव्हेंबर मृतांचा महिना आहे, तिच्यासाठी एक मिस्सा सांगा, आणि त्या घरी जाऊन या. पैशाचं बोलायचं नाही. एवढंच प्रायश्चित्त.

सायबाचं दर्शन रात्री झालं. काचेच्या पेटीसमोर दोन-तीन सेकंद मिळतात, मागून लोटतात. मी काही मागितलं नाही. टेम्पोवाल्याचा नमस्कार सांगितला.

नोटीस मी जाळली-फाडली नाही. कागद आहे, लागतो कधीतरी, घरी आल्यावर फाइलीत ठेवला.

आठवड्यानं मी त्या घरी गेले. वहिनी दारातच उभी राहिली, मला आत घ्यायचं की नाही हे तिला कळेना. मग बस म्हणाली. मी त्या रविवारचं सांगितलं, सोलांचं, सगळं, आणि मला माफ कर म्हटलं, कारण मायला म्हणता येत नव्हतं. वहिनी पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "माय घराक इली ता कायेक बोलाक नाय गो. सोलां धुयली नी परत उन्हात घातली. आमी वर्सभर ती जेवणात घातली."

चहा झाला. मी उठले तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा फाडला, त्यावर कुवेतचा नंबर लिहिला आणि न बोलता माझ्या हातात दिला. तो पर्समध्ये आहे. अजून लावलेला नाही.