माघातला मेळावा आणि ओढ्याची साक्ष

वाईत कृष्णाबाईचे उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत असतात, त्याच दिवसांत ओढे आणि मोकळ्या जागा राखणाऱ्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा भरतो. ही वेळ अनेकांना गैरसोयीची वाटते. परंतु डोंगरउतारावरून कृष्णेला येऊन मिळणारे लहान ओढे उन्हाळा लागताच आटतात, आणि माघात मात्र त्यांना वाहते पाणी असते. धोबी पक्षी शेपटी हलवत दगडादगडावर फिरत असतात, करंजाच्या फांदीवर एखादा खंड्या बसलेला असतो, आणि ओढा म्हणजे गटार नव्हे हे पाहुण्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

सुरुवात कोणत्याही सभेसारखीच होते. दीपप्रज्वलन, मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाला मंजुरी, शाल आणि श्रीफळ. प्रमुख पाहुणे पर्यावरणाच्या ऱ्हासावर बोलतात आणि दुसऱ्या कार्यक्रमाची घाई असल्याचे सांगून निघतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ज्यासाठी मी सारे वर्ष या मेळाव्याची वाट पाहतो, तो भाग त्यानंतरच सुरू होतो.

जुन्या वस्तीतील दोन-तीन वृद्धांना आम्ही माईकसमोर बसवतो. मागे भिंतीवर गावनकाशाची मोठी प्रत टांगलेली असते. आपल्या लहानपणी ओढा कोठून वाहत होता, गुरे कोठे पाण्यावर उतरत, पूर कोणाच्या ओट्याला लागे, कोणत्या मोकळ्या जागेत हळद वाळत पडे, एवढेच त्यांनी सांगायचे. विद्वानांची व्याख्याने या गावाला नवी नाहीत; विश्वकोशाचे गाव ते. तरीही या माणसांच्या अडखळत्या बोलण्याने माझा जसा गळा दाटतो, तसा दुसऱ्या कोणत्याही भाषणाने दाटत नाही.

एका वर्षी परीटवाड्यातील एक आजी आल्या होत्या. त्यांना नकाशा दाखवला, तेव्हा "मला ह्यातलं काय कळत न्हाई, धोंड्याचं इचारा," असे म्हणून त्यांनी हाताचे एकेक बोट दुमडत धुण्याचे दगड क्रमाने सांगितले: जुन्या उंबराखालचा सासूबाईंचा, त्याच्या खाली थोरल्या जावेचा, मग दोघींनी मिळून वापरायचा चपटा, आणि जिथे ओढा उजवीकडे वळतो तिथला, साबण ठेवायला खोबण असलेला त्यांचा स्वतःचा. निवृत्त भूकरमापक असलेले आमचे काका पेन्सिलीने खुणा करत होते. शेवटची खूण आज जिथे एक कुंपणभिंत उभी आहे तिथे पडली, आणि नकाशावरील ओढ्याची रेघही तिथेच वळत होती. मागच्या रांगेतून कोणीतरी "आगदी तिथंच!" म्हणून ओरडले. आजींना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही. आपला दगड कोणी नेला, एवढेच त्यांनी विचारले.

या बोलण्याचे मोल केवळ भावनेचे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नदी, ओढे, नाले यांची पात्रे शासनाच्या मालकीची आहेत, आणि गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना दिलेले आहेत. कागदावर कोणाचाच वाद नसतो. वाद असतो तो पात्र नेमके कोठून जात होते याचा, आणि भराव टाकून वर्षे लोटली की ते सांगणारे माणूसच उरत नाही. म्हणून प्रत्येकाचे बोलणे वहीत उतरवून, खाली सही किंवा अंगठा घेऊन, आम्ही ते मोजणीच्या अर्जासोबत जोडतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली दोन्ही काठांना काँक्रीट ओतण्यास आमचा विरोध असतो, त्यामागेही हीच माणसे आहेत. करंज, जांभूळ आणि वाळुंजाच्या मुळांनी धरलेला काठ त्यांनी पाहिलेला आहे.

उपस्थितीविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीनंतरच्या मेळाव्याला खुर्च्या कमी पडल्या होत्या. पुढे पाऊस बेताचा झाला आणि नव्या कॉलन्यांतील मंडळी दिसेनाशी झाली. त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले की रात्री अकरा वाजता फोन मात्र आम्हालाच येतो. आळीत महाप्रसाद असेल त्या दिवशी आमचे निम्मे सभासद पंगतीत वाढायला असतात. कृष्णाबाईचा प्रसाद चुकवा असे म्हणण्याची माझी छाती नाही, पण हात धुऊन तासभर यायला काय हरकत आहे?

मदत करणाऱ्यांची नावे लिहिलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून कामावरूनच त्यांची आठवण करतो. शाळेच्या सभागृहाची किल्ली घेऊन रविवारी सकाळी सातला हजर राहणारे शिपाईमामा. माईकचे भाडे न घेणारे मंडपवाले. पोह्यांची पातेली सांभाळणाऱ्या महिला बचत गटाच्या ताई. जलपर्णी काढताना कमरेइतक्या पाण्यात उतरणारी महाविद्यालयातील मुले, आणि त्यांच्या आधी उतरणारे नगरपालिकेचे सफाई कर्मचारी. काढलेला गाळ स्वतःच्या ट्रॅक्टरने वाहून नेणारे शेतकरी. अर्ज फुकट टंकलिखित करून देणारे, कोर्टाजवळचे टंकलेखक. वृद्धांना घरून आणून परत सोडणारे रिक्षावाले. चहावाले काकाही आहेतच. ते दर वर्षी आभारात शेवटी येतात आणि दर वर्षी त्यावरून रुसतात.

वहीत गंगापुरीच्या बाजूच्या एका ओढ्याची पाने अजून कोरी आहेत. तिथे गुरे राखलेले एक आजोबा यंदा बोलायला तयार झाले आहेत. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि सकाळी नवाची रिक्षाही ठरली आहे.