सोलांच्या ड्रायरचा ब्लोअर: इंपेलर फिरला, आवाज बाकी

सोलं, म्हणजे कोकमाची (रातांब्याची) सालं, सुकवायचं कपाट मी बनवतोय. मागच्या नोंदीत त्याचा सांगाडा, जाळीचे ट्रे आणि हीटर इथपर्यंत काम आलं होतं. या वेळी फक्त पंखा. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की बाजारातला ३०० मिमीचा एक्झॉस्ट फॅन का नाही चालत, म्हणून आधी तेच.

एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. भिंतीच्या भोकात तो छान काम करतो. पण ट्रेच्या थप्पीमागे बसवला की पात्यांवरून हवा सुटते, पंखा स्टॉलमध्ये जातो आणि नुसता घुमत राहतो. ट्रेसमोर हात धरला तर वारा लागत नाही, मोटर मात्र चालू! अशा अक्षीय (हवा सरळ आसाच्या दिशेने ढकलणाऱ्या) पंख्याची पाती चांगली आखली, टोकाशी फट कमी ठेवली, तर त्याच्याकडूनही दाब मिळतो, नाही असं नाही. पण मिनिटाला १४०० फेऱ्यांवर आणि एवढ्या व्यासात मला हवा तेवढा दाब सेंट्रिफ्यूगल इंपेलर, म्हणजे मधून हवा घेऊन कडेला फेकणारं पात्यांचं चाक, निवांत देतो.

हवा तेवढा म्हणजे किती? पंख्याचं पहिलं चित्र काढण्याआधी हा आकडा हातात पाहिजे, आणि तो पुस्तकातून मिळत नाही. भंगारातून आणलेला एक मोठा ब्लोअर कपाटाला जोडला, त्याच्या तोंडावर पत्र्याची झडप लावली आणि वेगवेगळ्या प्रवाहाला ट्रेच्या अलीकडे-पलीकडे किती दाब पडतो ते मोजलं. मॅनोमीटर (पाण्याच्या पातळीवरून दाब मोजायची नळी) घरचाच. पारदर्शक नळी फळीवर एकास पाच उतारात बसवली, म्हणजे पाण्याचा १ मिमी फरक नळीवर ५ मिमी दिसतो. पाण्यात दोन थेंब आगळ (कोकमाचा लाल रस) टाकलं, पातळी लांबूनही वाचता येते. (रंगासाठी याहून स्वस्त काही आमच्या वेंगुर्ल्याकडे मिळणार नाही.)

मोजणीत सगळ्यात मोलाचं जे कळलं ते असं. ताजी, मिठातली, पुट दिलेली (रसात पुन्हा भिजवलेली) रातांब्याची सालं ट्रेवर पसरली की जाळी जवळजवळ झाकून जाते. तेव्हा ०.१५ घनमीटर प्रति सेकंदाला कपाट १२५ पास्कल, म्हणजे पाण्याचे पावणेतेरा मिमी, मागतं. तीच सालं सुकून आकसली, कडा वळल्या, की तेवढ्याच प्रवाहाला ७० पास्कल पुरतात. म्हणजे ड्रायरचा विरोध स्थिर नसतो, सोलं सुकतील तसा तो उतरत जातो. पुन्हा पुट दिलं की पुन्हा चढतो. पंखा या दोन्ही टोकांना नीट चालला पाहिजे, आणि मधे कोणी ट्रे बघायला दार उघडलं तरी मोटर तापता कामा नये.

इथेच पात्यांची दिशा ठरली. कूलरच्या ब्लोअरमध्ये असतात तशी पुढे वळलेली, आखूड, पुष्कळ पाती लहान व्यासात जास्त हवा देतात आणि स्वस्तही पडतात. पण त्यांची एक खोड आहे: विरोध कमी झाला की प्रवाह वाढतो आणि त्याबरोबर शक्तीची मागणी चढतच जाते. दार उघडं राहिलं की मोटर जळायची वेळ. मागे वळलेल्या पात्यांत शक्तीचा वक्र एका जागी माथा गाठून खाली येतो, म्हणजे मोटर त्या माथ्यासाठी निवडली की काळजी मिटली. शिवाय त्यांचा दाबाचा वक्र कामाच्या भागात बराच तिरपा उतरतो. विरोध १२५ वरून ७० च्या वक्रावर आला तरी प्रवाह ०.१५ वरून साधारण ०.१७५ पर्यंतच जातो. सोलांना एवढ्याने काही होत नाही.

पुढे वळलेल्या पात्यांचा पंखा ज्याच्या नावावर आहे तो सॅम्युएल डेव्हिडसन हाही वाळवणवालाच. बेलफास्टजवळचा हा माणूस १८६४ मध्ये आसामातल्या कछारला चहाच्या मळ्यावर आला, चहा सुकवायची यंत्रं बनवता बनवता पंख्यांकडे वळला आणि त्याचा ‘सिरोको’ पंखा पुढे जहाजांपासून खाणींपर्यंत पोचला. त्याच्याच कामासाठी मी त्याच्या उलट पाती वळवतोय, हे गमतीचं आहे. पण त्याच्याकडे वाफेचं इंजिन होतं, माझ्याकडे संध्याकाळी खाली येणारं व्होल्टेज आणि अष्टमांश हॉर्सपॉवरची मोटर.

आता हिशोब. ड्रायरमधली हवा ५० अंशांची आणि दमट, म्हणून घनता घनमीटरला १.०८ किलो धरली. चार पोलची मोटर लोडवर १४०० फेरे देते असं मानलं. २६० मिमी व्यासाला पात्याच्या टोकाचा वेग १९ मीटर प्रति सेकंद येतो. रुंदी सगळीकडे ६० मिमी सारखीच ठेवली, कारण तिरपं झाकण वळवायचं तर पत्रेवाल्याचे पैसे दुप्पट. हवा आत शिरायचं तोंड १६० मिमी. आत शिरताना हवेचा त्रिज्येकडचा वेग सुमारे ५ आणि पात्याचा ११.७ मीटर, म्हणून आतला कोन २३ अंश. बाहेरचा कोन ४० अंश घेतला. हे दोन कोन आणि दोन त्रिज्या साध्या वर्तुळाच्या चापाने जोडायच्या तर चापाची त्रिज्या २०२ मिमी निघते. ४०० मिमीच्या पाइपची त्रिज्या २००! पत्रा वळवायला तयार साचाच मिळाला. अर्थात स्टेनलेसचा पत्रा सोडला की थोडा उलगडतो, त्यामुळे प्रत्यक्षात ३१५ च्या पाइपवर वळवून मग ४०० वर ताडून बघावं लागलं.

पाती ९. हवा पात्यांच्या कोनात तंतोतंत न जाता थोडी मागे घसरते, त्याची दुरुस्ती धरून ऑयलरच्या (इंपेलर हवेला किती दाब देतो ते सांगणाऱ्या) समीकरणातून २५० पास्कल येतात. त्यातला साधारण तिसरा हिस्सा घर्षणात, धक्क्यात आणि गळतीत जाईल असं धरलं, उरले १७०. व्हॉल्यूटच्या (इंपेलरभोवतीच्या गोगलगायीसारख्या कवचाच्या) बाहेरच्या तोंडाशी हवा सेकंदाला पावणेनऊ मीटरने बाहेर पडते, तिच्या वेगात ४१ पास्कल अडकलेले. राहिला स्थिर दाब १२९. पाहिजे होते १२५. गणित इतकं जुळलं की मला जरा संशयच आला, कारण ‘तिसरा हिस्सा’ हा माझा अंदाज होता.

व्हॉल्यूटची रुंदी १५० मिमी, म्हणजे इंपेलरच्या अडीचपट. कोनीय संवेग कायम राहतो असं धरून काढलेला वळसा १३० मिमी त्रिज्येपासून सुरू होऊन २४५ ला संपतो. कागदावर तो चार चापांत बसवला. डोळ्याला फरक कळत नाही, हवेलाही फारसा कळत नसावा.

धातूवर जरा थांबतो, कारण समुद्रकाठच्या लोकांना हे जास्त लागू आहे. बाहेर खारी हवा, आत मीठ आणि आंबट रस यांची वाफ. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा पहिल्याच हंगामात पांढरी भुकटी सोडतो. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचे रिव्हेट मारले तर दोन धातूंमध्ये ओल शिरून ॲल्युमिनियम खाऊन जातं. ३०४ ग्रेडला क्लोराइडमुळे टाचणीएवढे खड्डे पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते या खड्ड्यांना आवर घालतं, म्हणून इंपेलरपुरतं ३१६ घेतलं. मागची तबकडी दीड मिमी, पाती आणि पुढचं कडं एक मिमी. कुडाळ एमआयडीसीत लेझरने कापून मिळालं, टिग वेल्डिंग मात्र टाक्याटाक्यानेच आणि समोरासमोरची पाती आळीपाळीने घेऊन. सलग झरा दिला की तबकडी पापडासारखी फुगते.

मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर, शाफ्टला फेल्टचं सील, बेअरिंगं दोन्ही बाजूंनी रबर सीलची.

इंपेलर हबसकट १.७ किलो भरला. पंख्यांसाठी ‘जी ६.३’ ही संतुलनाची प्रत (तोल किती चुकलेला चालतो त्याची ठरलेली पायरी) मानतात. १४०० फेऱ्यांना तिचा अर्थ ४३ मायक्रॉन इतकं केंद्र सरकलेलं चालतं. वजनाने गुणलं की ७३ ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे १२० मिमी त्रिज्येवर ०.६ ग्रॅम. रुंदी व्यासाच्या पाव पटीहूनही कमी असल्याने एकाच पातळीत तोल साधला तरी पुरतं. दोन जाड स्टीलच्या पट्ट्या धारेवर उभ्या करून पाणसळीने सारख्या केल्या, शाफ्ट त्यांवर ठेवला. जड बाजू खाली येऊन थांबते, समोरच्या बाजूला वायसरचे तुकडे चिकटवत जायचं, इंपेलर कुठेही थांबायला लागला की तेवढं वजन वेल्डने घालायचं. खिडक्या बंद करून करा, खाडीकडचा वारा अर्ध्या ग्रॅमहून जास्त खोडसाळ आहे.

चाचणी हीटर बंद ठेवून घेतली. ३० अंशांची हवा जड असते, त्यामुळे १२५ चं लक्ष्य न तापवलेल्या हवेत १३३ होतं. गरम झाल्यावर पंख्याचा दाब आणि कपाटाचा विरोध दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, म्हणून घनमीटरमध्ये प्रवाह तोच राहतो. ०.१५ ला पहिल्यांदा ११८ पास्कल मिळाले. तेव्हा हवा आत नेणाऱ्या तोंडाचा शंकू इंपेलरच्या कड्यासमोर ५ मिमी फट ठेवून उभा होता. शंकू कड्याच्या आत थोडा शिरेल असा पुढे घेतला आणि फट २ मिमीवर आणली, तर १३१. पात्यांचे कोन अंशाअंशाने सुधारण्यात आपण जो वेळ घालवतो, त्यातला निम्मा या एका फटीवर घालवावा असं माझं मत झालंय. मीटरवर ८८ वॅट. एवढ्या छोट्या मोटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पंखा स्वतः ५४ टक्क्यांच्या आसपास बसतो. सपाट पत्र्याच्या, सारख्या रुंदीच्या इंपेलरकडून मी याहून जास्त मागणार नाही.

शेजारच्या काकींनी मांगरात (घरामागच्या झोपडीवजा कोठारात) येऊन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘काय रे, सोलां उडान जातली नाय मां?’ ट्रेवर वेग सेकंदाला ०.४ मीटर आहे, कागदसुद्धा हलत नाही. पण प्रश्न बरोबर होता. आंबापोळी सुकवायची झाली तर कडा सुटल्यावर ती उचलली जाते का, ते मे महिन्यात बघावं लागेल.

हवा फिरवून वापरायचं गणितही या प्रवाहावर पक्कं झालं. ३० अंश आणि ८० टक्के दमट हवा ५० अंशांवर नेली की सापेक्ष आर्द्रता २७ टक्क्यांवर येते, म्हणजे मिरगाच्या (पावसाच्या सुरुवातीच्या) तोंडावरसुद्धा सुकवण्यासारखी. पण सगळीच ताजी हवा तापवायची तर साडेतीन किलोवॅट लागतात, घरच्या लाइनीला ते झेपत नाही. एक तृतीयांश ताजी, बाकी फिरती, असं केलं की सव्वा किलोवॅटच्या आत भागतं. झडप त्याच मापाने कापतोय.

राहिला आवाज. ९ पाती आणि १४०० फेरे म्हणजे २१० हर्ट्झ, आणि नेमका तोच सूर भिंतीपलीकडे ऐकू येतो. व्हॉल्यूटची जीभ, म्हणजे इंपेलरला सगळ्यात जवळची कवचाची धार, सध्या इंपेलरपासून १५ मिमीवर आहे. ती २५ वर नेणार आणि तिची धार तिरपी कापणार, म्हणजे पातं एकदम सबंध रुंदीने तिच्यासमोरून जाणार नाही. दाब थोडा पडेल, तो किती हे मोजून टाकतो. फेल्टच्या सीलला खारट वाफेत कोणाचा वर्षभराचा अनुभव असेल तर सांगा, नाहीतर ग्राफाइटची दोरी लावायचा विचार आहे.