तुम्ही विचारलंत म्हणून : झोपायलाच तर जायचं, मग सुइट कशाला?

हा प्रश्न मला बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलाय, चुलतभावाने विचारलाय, सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये विचारलाय. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीही विचारला. "क्रूझवर खोलीत काय हो, झोपायलाच तर जायचं. एकट्या बाईला सुइट कशाला?" दर वेळी मी "पेन्शन आहे, उडवते" असं काहीतरी बोलून सुटका करून घेते. ते खरं नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं, कारण विचारणाऱ्याच्या मनात तेच असतं. हो, महाग पडतं. मागच्या वेळी मी घेतलेला सुइट त्याच जहाजावरच्या बिनखिडकीच्या आतल्या केबिनच्या साडेतीन पट होता. वर मी एकटी. केबिनचं भाडं दोन माणसं धरून ठरवलेलं असतं आणि सुइटमध्ये एकट्या माणसाकडून बहुतेक वेळा दोघांचं पूर्ण भाडं घेतात. सेवाशुल्कही सुइटला बऱ्याच कंपन्यांत रोजचं जास्त लागतं. हे सगळं मला माहीत आहे. अडतीस वर्षं मी राष्ट्रीयीकृत बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब ठेवला, स्वतःचाही येतो. गाडी नाही, परळचं वन रूम किचन सोडलं नाही, अंगावर आईच्या दोन पाटल्या. दोन वर्षांतून एकदा जाते. हा हिशोब कुणाला द्यायला मी बांधील नाही, तरी दिला.

आता सुइटचं. लोकांना वाटतं मोठा पलंग, झुंबर आणि हातमोजे घातलेला बटलर. मला यातलं काही नसलं तरी चालतं. मी आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा काढते, भाडं नंतर बघते. जहाज सी-सॉसारखं असतं. दोन्ही टोकं वरखाली होतात, मध्याला सगळ्यात कमी हलतं, आणि जितकं खाली तितकं कमी. झुलणं आवरायला जहाजाच्या पोटाला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते डावी-उजवीकडचं झुलणं कमी करतात. नाक वरखाली होतं त्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. आणि गंमत अशी की सगळ्यात महागडे सुइट बरेचदा अगदी वरच्या डेकवर नाहीतर पार पुढच्या-मागच्या टोकाला असतात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त हलतं तिथेच. मागच्या टोकाला पाण्यात उमटत जाणारी पांढरी वाट बघायला मिळते, पण इंजिनाची थरथर पायाला लागते. म्हणून मी मधला, शक्य तितका खालचा, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला सुइट शोधते. डोक्यावर पूल डेक आला की पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज सुरू होतात. खाली थिएटर आलं की रात्री बारापर्यंत ढोल.

'मिनी सुइट', 'ज्युनिअर सुइट' या नावांना मी भुलत नाही. बऱ्याच जहाजांवर ती नुसती जरा मोठी बाल्कनीची केबिन असते, सुइटवाल्यांच्या बाकीच्या सोयी तिला लागू नसतात. बाल्कनीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही बघते. आणि कुठली बाजू, हे तर सगळ्यात आधी. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला असतो, परतताना उजव्या. एजंटला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, मॅडम, समुद्र दोन्हीकडे सारखाच.

सारखा नसतो. ते मला कसं कळलं ते सांगते.

2018 ला मी निवृत्त झाले. त्या हिवाळ्यात मुंबईहून कोचीकडे जाणाऱ्या एका जहाजाचं तिकीट काढलं, आईसाठी. आई तेव्हा एकोणऐंशीची. ती 1957 मध्ये लग्न करून मालवणहून मुंबईला आली ती आगबोटीने. किनाऱ्यावरून पडावाने बोटीपर्यंत, मग लोअर डेक, आणि शेवटी भाऊचा धक्का. अप्पर डेकचं तिकीट परवडणारं नव्हतं. नवी नवरी, बरोबर दीर आणि सासरे, बसायला सांगितलं तिथे ट्रंका आणि वळकट्यांच्या मध्ये ती बसून राहिली. बोट लागली, ओकून ओकून अर्धी झाली. आयुष्यभर ती सांगायची, "येवढा दर्यातसून इलंय, पण दर्या काय बघूक नाय." पुढे लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा माणसांची खानावळ चालवली. 1982 च्या गिरणी संपानंतर वडील घरी बसले, तेव्हाही तिची चूल चालू राहिली. समुद्र बघायचा राहिलाच, म्हणजे बोटीवरून.

आणि मी, जिने तिच्याकडून ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तिने काय केलं? आतली केबिन घेतली. तीही 'गॅरंटी'. त्या शब्दाने फसू नका. केबिन मिळेल एवढीच गॅरंटी, कुठली ते कंपनी ठरवणार. एजंटला मी म्हटलेलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं : "अहो, खोलीत झोपायलाच तर जायचं, दिवसभर डेकवरच असणार." म्हणजे जो प्रश्न तुम्ही मला विचारता, तो माझाच आहे. मी तो तुमच्या आधी विचारला होता. बाल्कनी आणि आतली केबिन यांत दोघींचा मिळून एकेचाळीस हजारांचा फरक होता. तो वाचला म्हणून मी त्या दिवशी खूश होते.

केबिन मिळाली ती पार पुढच्या टोकाला. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी निघालो तेव्हा आई डेकवर होती. कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्स दीपगृह मागे पडेपर्यंत रेलिंगला धरून उभी होती. हिरवी नऊवारी, वर माझा स्वेटर. जेवण झालं आणि वारा वाढला. साडेनऊला तिला मळमळायला लागलं. खोलीत आणलं, अव्होमिन दिली, लिंबू हुंगायला दिलं. काही उपयोग झाला नाही. बोट लागते तेव्हा होतं असं की कानाच्या आतला तोल सांगत असतो आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसत असते. दोघांचं पटत नाही. अशा वेळी क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. जहाजावरच्या नर्सने फोनवर हेच सांगितलं : त्यांना बाहेर न्या, क्षितिज बघू दे. बाहेर न्यायला लिफ्टपर्यंत लांबलचक कॉरिडॉर होता आणि आईला बसवत नव्हतं. आणि रात्री क्षितिज कुठलं?

दिवा मालवला तर त्या केबिनमध्ये हात दिसत नव्हता. रात्र आहे की दिवस, कळायला मार्ग नाही. मी टीव्ही लावला. एका चॅनेलवर नकाशा होता, किनाऱ्याची रेघ आणि तिच्या बाजूने सरकणारा एक ठिपका. आई कुशीवर वळून बघत राहिली.

"ह्यो टिपको म्हणजे आमी?"

"हो."

"मालवण खय?"

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पहाटे तीनच्या सुमारास तो ठिपका माझ्या बोटाच्या जागेवर आला. ती जागीच होती. तिने हात लांबवून पलंगाशेजारच्या भिंतीला तळवा टेकवला. लॅमिनेटची गुळगुळीत, फिकट पिवळी भिंत. म्हणाली, "बाय, हेच्या पलीकडे दर्या असा मा?"

मी हो म्हटलं.

त्या भिंतीपलीकडे दुसरी आतली केबिन होती. तिच्यापलीकडे कॉरिडॉर, मग आणखी एक केबिन, तिला बाल्कनी, आणि मग समुद्र. आईने बराच वेळ तळवा तसाच ठेवला, आणि तशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वर नेलं, खुर्चीत बसवलं. समुद्र शांत होता, सगळीकडे निळा, आणि किनारा कुठेच दिसत नव्हता. "छान असा," म्हणाली. माझ्या समाधानासाठी म्हणाली. 2020 मध्ये ती गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे सगळं अपराधीपणातून आहे. भाची तर तोंडावर म्हणाली. मी यावर पुष्कळ विचार केलाय. 2018 ची मी आणि आत्ताची मी, दोघींचं भांडण अजून चालू आहे. ती म्हणते, सुइट घेतला असतास तरी आईला बोट लागलीच असती. वरच्या डेकवर तर जास्तच. बरोबर आहे. ती म्हणते, पहाटे तीनला बाल्कनीतून मालवणचं काय दिसणार होतं, अंधारच ना? त्यावर मी गप्प बसत असे. म्हणून 2023 मध्ये मुद्दाम त्याच किनाऱ्याने जाणारं जहाज घेतलं. मधला डेक, डावी बाजू, सुइट. रात्रभर बाल्कनीत शाल पांघरून बसले. मालवण ओळखू आलं असं मी म्हणणार नाही. पण मासेमारीच्या होड्यांचे दिवे होते, आणि त्यांच्या मागे फार लांबवर एक दीपगृह थांबून थांबून चमकत होतं. तोंडावर खारा वारा येत होता. उजाडेपर्यंत मी उठले नाही. तिला हे पुरलं असतं. नक्की पुरलं असतं.

मग उपयोग काय आता, असं ती 2018 ची विचारते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण नुसतं अपराधीपण म्हटलं तर तेही खोटं होईल, कारण मला ते आवडतं. मनापासून आवडतं. दार लावलं की माझं एकटीचं आकाश. सकाळी साडेपाचला पाय वर घेऊन, कुणाचं काही करायचं नसताना, चहाचा कप हातात. लहानपणी आमच्या खोलीत एकांत म्हणजे मोरीचा पडदा ओढून घेतलेली पाच मिनिटं. खोली झोपायला असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको, आमच्याकडे ती पाळीपाळीने झोपायला होती. खोलीत जागं राहता येतं, नुसतं बसता येतं, हे मला साठीत कळलं. यात लाजण्यासारखं काय आहे?

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मोठ्या जहाजांवर सुइटवाल्यांचा वेगळा इलाका असतो. एमएससी कंपनीचा 'यॉट क्लब', नॉर्वेजियन कंपनीचं 'द हेवन'. वेगळा लाउंज, वेगळं जेवण, तिथलं दार तुमच्याच कार्डाने उघडतं. क्युनार्डच्या जहाजांवर तर जेवणघरच खोलीच्या दर्जावर ठरतं, महागड्या सुइटचे क्वीन्स ग्रिलवाले एकीकडे, साध्या केबिनचे ब्रिटानियावाले दुसरीकडे. म्हणजे अप्पर डेक आणि लोअर डेकच की. अशा दारावर पहिल्यांदा कार्ड लावलं तेव्हा ट्रंकांच्या मध्ये बसलेली अठरा वर्षांची नवरी डोळ्यांसमोर आली. दार उघडलं, आणि मी आत गेले. हेही लिहायला हवं, की मी आत गेले.

त्या 2023 च्या सफरीत माझ्या डेकवरचा स्ट्यूअर्ड कुडाळकडचा मुलगा होता. दोन दिवसांनी कळलं, मग आमचं मालवणीतच चालू झालं. त्याला विचारलं, तुझी केबिन कुठे? खाली, म्हणाला, पाण्याच्या पातळीच्याही खाली, दोघांत एक, खिडकी नाही. पुढे म्हणाला, "सवय झाली, मावशी. झोपूकच तर जातंव." मी त्याला बाल्कनीत उभं राहा म्हटलं. नियमात बसत नाही म्हणाला, आणि टॉवेल ठेवून गेला. हे मी कशात बसवायचं, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग मात्र झालेलं आहे. डावी बाजू.

ते वाचलेले एकेचाळीस हजार मी 2018 मध्ये परत आल्याच्या आठवड्यातच एफडीत टाकले होते, आईच्या आणि माझ्या नावावर, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघींपैकी कुणीही, नाहीतर मागे राहील ती. मृत्यूचा दाखला जोडून एक अर्ज दिला की तिचं नाव कमी होतं. असे किती अर्ज मी स्वतः काउंटरवर निकाली काढलेत. दोनदा फॉर्म आणला, भरला नाही. पावती आपोआप नूतनीकरण होत राहते. बँकेचा मेसेज परवाच आलाय, मार्चमध्ये पुन्हा मुदत संपते आहे.